विश्लेषण : मेंदूतील ‘कचरा’ रोज उचलला जातो, तरी स्मृतिभ्रंश का होतो?

अल्झायमरवरील डोनानेमॅब या औषधाला २०२५ मध्ये भारतातही परवानगी मिळाली. मेंदूत साचलेले अमिलॉइड प्रथिन हे औषध खरोखर साफ करते. स्कॅनमध्ये ते दिसतेही. मात्र रुग्णाची गेलेली स्मृती परत येत नाही, ऱ्हासाचा वेग फक्त थोडा कमी होतो. या कोड्याचे उत्तर मेंदूतील प्रथिनांच्या उलाढालीत, म्हणजे ती किती वेगाने तयार होतात आणि किती वेगाने मोडीत निघतात या हिशेबात शोधले जात आहे.

प्रथिनांची उलाढाल म्हणजे काय?

शरीर एकदा बांधले की इमारतीसारखे तसेच राहते आणि अन्न हे केवळ त्याचे इंधन, असा समज विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होता. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आलेले रुडॉल्फ शोएनहायमर यांनी १९३० च्या दशकात तो मोडला. त्यांनी उंदरांना जड नायट्रोजनची खूण असलेले अमिनो आम्ल खाऊ घातले. ते जळून बाहेर पडेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात खुणेचा मोठा भाग उंदरांच्या ऊतींमधील प्रथिनांत जाऊन बसला. उंदरांचे वजन मात्र वाढले नव्हते. म्हणजे नवे बसत असताना तेवढेच जुने निघून जात होते.

प्रौढ माणसाचे शरीर दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम प्रथिने नव्याने बनवते. आहारातून मिळतात ती साधारण ६० ते ७० ग्रॅम. बाकीचा माल जुनी प्रथिने मोडून मिळालेल्या अमिनो आम्लांचा असतो. भंगारातूनच नवे घडवणारा हा कारखाना आहे. या उलाढालीचे माप ‘अर्धायुष्य’ या शब्दात सांगतात. एखाद्या प्रथिनाचे आज असलेले रेणू निम्मे होण्यास जितका काळ लागतो, ते त्याचे अर्धायुष्य.

मोडीत काढण्याचे काम कोण करते?

पेशीत त्यासाठी दोन मोठ्या यंत्रणा आहेत. पहिली यंत्रणा प्रोटीआसोमची. खराब किंवा नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाची छोटी चिठ्ठी चिकटवली जाते. चिठ्ठी लागलेले प्रथिन प्रोटीआसोम या पिंपासारख्या यंत्रात ओढले जाते आणि त्याचे तुकडे होतात. चिठ्ठीची ही पद्धत उलगडल्याबद्दल आरॉन चिकानोव्हर, अवराम हर्श्को आणि आयर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुसरी यंत्रणा ऑटोफॅजीची. प्रथिनांचे गठ्ठे किंवा निकामी मायटोकाँड्रिया असा मोठा कचरा पिंपात मावत नाही. त्याभोवती पिशवी तयार होते आणि ती पाचक रसांनी भरलेल्या लायसोसोममध्ये रिकामी होते. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टवर काम करून यामागची जनुके शोधली आणि २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवले.

या यंत्रणांमधील एखादा दुवा निखळला तर काय होते, याची उदाहरणे मज्जासंस्थेच्या आजारांतच अधिक सापडतात. तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सनच्या एका आनुवंशिक प्रकाराशी निगडित ‘पार्किन’ हे जनुक जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये शोधले. त्याचे काम चिठ्ठी चिकटवण्याचे आहे, हे नंतर उघड झाले. मुलांमधील अँजलमन सिंड्रोमच्या मुळाशी असलेले जनुकही चिठ्ठी लावणाऱ्यांपैकीच आहे.

याचा सर्वात जास्त फटका मज्जासंस्थेलाच का?

त्वचेची किंवा आतड्याच्या अस्तराची पेशी विभाजित होते, तेव्हा तिच्यातला साचलेला कचरा दोन पेशींत वाटला जातो आणि पातळ होत जातो. शिवाय अशा पेशी गळून पडतात व नव्या येतात. चेतापेशीला यातले काहीच शक्य नाही. बहुतेक चेतापेशी जन्माच्या आसपास तयार होतात आणि माणसाइतक्याच जगतात. ऐंशी वर्षांच्या आजींच्या मेंदूतील पेशीही जवळपास ऐंशी वर्षांच्या असतात. तिथे घंटागाडी एक दिवस चुकली तर तो कचरा दुसरीकडे जात नाही.

त्यात अंतराचा प्रश्न. कण्याच्या खालच्या भागापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा तंतू सुमारे मीटरभर लांब असतो. प्रथिने बनवण्याचे मुख्य केंद्र पेशीच्या मध्यभागी आणि गरज मीटरभर दूर. पेशीच्या सांगाड्याची प्रथिने या तंतूतून दिवसाला केवळ काही मिलिमीटर सरकतात. म्हणजे टोकाला पोहोचेपर्यंत अनेक महिने. काही प्रथिने जागेवरच बनवण्याची सोय चेतापेशीने करून घेतली आहे, पण खराब माल तोडण्यासाठी बराचसा पुन्हा मध्याकडे आणावा लागतो.

उलाढालही इथे संथ आहे. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंदरांना जड नायट्रोजनवर वाढवलेली स्पिरुलिना ही शेवाळवर्गीय पावडर खाऊ घालून हजारो प्रथिनांचा वेग मोजला. यकृतातील प्रथिनांचे सरासरी अर्धायुष्य ३ दिवस भरले, रक्तातील साडेतीन दिवस आणि मेंदूतील ९ दिवस. हे सरासरीचे झाले. २०१२ मध्ये दुसऱ्या एका चमूने उंदरांना जन्मापासून अशी खूण दिली, मग साध्या आहारावर आणले आणि वर्षभराने त्यांचा मेंदू तपासला. पेशीच्या केंद्रकाभोवती जी दारे असतात, त्यांच्या चौकटीतील काही प्रथिने अजूनही जुनीच होती. जन्मावेळी बसवलेली चौकट बदललीच गेली नव्हती.

कचरा उचलणे थांबले तर चेतापेशी मरतात, याचा थेट पुरावा २००६ मध्ये जपानमधून आला. दोन गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींमध्ये ऑटोफॅजी बंद पाडली. बाहेरून कोणतेही विषारी प्रथिन दिले नव्हते, कोणताही रोग लावला नव्हता. तरी पेशींत गठ्ठे साचले आणि उंदरांना हालचाल करणे कठीण झाले.

माणसातील पुरावा कॅन्सर वॉर्डात रोज दिसतो, फक्त त्याकडे या नजरेने पाहिले जात नाही. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे बोर्टेझोमिब हे औषध प्रोटीआसोम अडवते. कर्करोगाची पेशी भरमसाट प्रथिने बनवत असल्याने ती कचऱ्यात गुदमरते. पण या औषधाची डोस कमी करायला लावणारी प्रमुख तक्रार कोणती? तळपायांना मुंग्या, जळजळ, बोटे बधिर होणे. सर्वात लांब तंतूंच्या टोकाला.

रेणू बदलत असतील तर आठवण कशी टिकते?

डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ मध्ये ‘नेचर’मधील छोट्या टिपणात हाच प्रश्न विचारला होता. आठवण ही चेतापेशींच्या जोडांमध्ये, म्हणजे सिनॅप्समध्ये साठते असे मानले, तर तिथली प्रथिने काही दिवसांत बदलून जातात. मग शाळेतील बाकावर शेजारी कोण बसत असे, हे साठ वर्षांनी कसे आठवते? रेणू एकेक करून बदलावेत, पण सगळे एकदम बदलू नयेत आणि जुन्याने नव्याला आपली खूण द्यावी, असा तोडगा क्रिक यांनी सुचवला होता. गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते दरवर्षी थोडे बदलतात आणि तरी मंडळ तेच राहते, तसा हा प्रकार.

यावर आजही एकमत नाही. अमेरिकेतील कौशिक सी यांच्या प्रयोगशाळेने फळमाशीवर काम करून एक अनपेक्षित शक्यता पुढे आणली. माशीच्या मेंदूतील ओर्ब-२ हे प्रथिन अमिलॉइडसारखेच घट्ट गठ्ठे बनवते आणि दीर्घकालीन आठवणीसाठी ते गठ्ठे आवश्यक असतात. अल्झायमरमध्ये ज्या घडणीला खलनायक ठरवले, तीच घडण इथे उपयोगी पडते. म्हणून ‘गठ्ठा दिसला की वाईट’ हे समीकरण घाईचे आहे.

अल्झायमरमध्ये दोष उत्पादनाचा की सफाईचा?

अमिलॉइड बीटा हा प्रथिनाचा छोटा तुकडा प्रत्येकाच्या मेंदूत सतत तयार होतो. तो असणे हा आजार नव्हे. तो पेशीबाहेर असतो, त्यामुळे त्याची विल्हेवाट काही विकरे, मेंदूतील मायक्रोग्लिया या रक्षक पेशी, रक्तवाहिन्या आणि मेंदूभोवतीचा द्रव मिळून लावतात. तो साचू लागला की चिकट थर तयार होतात. पण तो साचतो का? नळ जास्त सुटला आहे की मोरी तुंबली आहे? केवळ पाणी किती साचले हे पाहून याचे उत्तर मिळत नाही. आजवरच्या तपासण्या मात्र साठाच मोजत होत्या.

सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे रँडल बेटमन यांनी २००६ मध्ये जिवंत माणसात वेग मोजण्याची पद्धत आणली. स्वयंसेवकाच्या शिरेतून जड कार्बनची खूण असलेले ल्युसिन हे अमिनो आम्ल सोडायचे. त्याच वेळी कमरेतून बारीक नळी घालून दीड दिवस दर तासाला पाठीतले पाणी काढायचे. खूण अमिलॉइडमध्ये कधी दिसू लागली आणि कधी ओसरली, यावरून दोन्ही वेग कळतात.

२०१० मध्ये याच पद्धतीने अल्झायमरचे १२ रुग्ण आणि १२ निरोगी व्यक्तींची तुलना झाली. उत्पादनाचा वेग दोन्ही गटांत जवळपास सारखा. सफाईचा वेग निरोगी व्यक्तींमध्ये तासाला ७.६ टक्के होता, तर रुग्णांमध्ये ५.३ टक्के. सफाई सुमारे ३० टक्क्यांनी मंदावलेली. एवढी तूट सुमारे दहा वर्षे चालू राहिली तर आजाराइतका साठा होतो, असे गणित संशोधकांनी मांडले. रुग्णसंख्या लहान होती, हे लक्षात ठेवायला हवे. पण त्यानंतर शंभर जणांच्या अभ्यासात वयाचा परिणामही दिसला. तिशीत अमिलॉइडचे अर्धायुष्य सुमारे ३.८ तास असते आणि ऐंशीत ते ९.४ तासांवर जाते.

नळ जास्त सुटल्याचीही उदाहरणे आहेत. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात आणि अमिलॉइडच्या मूळ प्रथिनाचे जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे या व्यक्तींना अल्झायमर लवकर गाठतो. उलट आइसलँडमधील काही कुटुंबांत या जनुकात असा बदल सापडला की अमिलॉइड सुमारे ४० टक्के कमी बनते आणि म्हातारपणी स्मृती शाबूत राहते. मात्र उतारवयात होणाऱ्या सर्वसाधारण अल्झायमरमध्ये संशय मोरीवर आहे.

मग नळ बंद करून का भागले नाही?

औषध कंपन्यांनी तेच आधी करून पाहिले. अमिलॉइड कापून बाहेर काढणाऱ्या विकरांना अडवणारी अनेक औषधे आली. सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडली. व्हेरुबेसेस्टॅटने अमिलॉइडचे उत्पादन प्रचंड घटवले, पण त्याच्याही चाचण्या २०१७ आणि २०१८ मध्ये गुंडाळल्या गेल्या. फायदा नव्हताच, आजार नुकताच सुरू झालेल्यांची आकलनशक्ती उलट किंचित घसरली. ही विकरे इतर अनेक प्रथिनेही कापतात. ती अडवली की पेशीचे बाकीचे व्यवहारही अडतात.

म्हणून पुढची औषधे सफाईच्या बाजूने आली. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही प्रतिपिंडे अमिलॉइडला चिकटतात आणि मायक्रोग्लियांना ते उचलायला लावतात. लेकानेमॅबच्या १,७९५ जणांवरील चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर दोन गटांतला फरक ०.४५ इतकाच होता आणि तो घरच्यांना जाणवेल का, यावर डॉक्टरांमध्ये दोन तट आहेत. डोनानेमॅबच्या १,७३६ जणांवरील चाचणीत आजाराचा पुढचा टप्पा न गाठलेल्या रुग्णांत ऱ्हास ३५ टक्क्यांनी मंदावला.

किंमत आहे ती दुष्परिणामांची. मेंदूत सूज येण्याचे प्रमाण लेकानेमॅबमध्ये १२.६ टक्के, तर डोनानेमॅबमध्ये २४ टक्के होते. बहुतेकांना ती जाणवत नाही, पण काही रुग्ण दगावलेही. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना धोका सर्वाधिक असतो. गंमत म्हणजे हेच जनुक अमिलॉइडची सफाई मंदावते असे मानले जाते. ज्यांची मोरी सर्वात तुंबलेली, त्यांनाच सफाईचा त्रास जास्त.

साठा संपवूनही फायदा तुटपुंजा का, याचे एक उत्तर ‘टाऊ’ या दुसऱ्या प्रथिनात आहे. ते चेतापेशींच्या आत असते आणि स्मृती जाण्याशी त्याचे नाते अमिलॉइडपेक्षा जवळचे आहे. २०१८ मध्ये माणसात त्याचे अर्धायुष्य सुमारे २३ दिवस मोजले गेले आणि अमिलॉइड साचलेल्यांमध्ये टाऊचे उत्पादन वाढलेले आढळले. म्हणजे अमिलॉइड ठिणगी टाकते, मग टाऊची आग स्वतःच पसरू लागते. लक्षणे दिसेपर्यंत दहा-पंधरा वर्षे गेलेली असतात. तेव्हा ठिणगी विझवून पेशी परत येत नाहीत.

उलाढालीचा वेग कळल्याने औषधाचा डोस ठरवायलाही मदत होते. डोनानेमॅबने अमिलॉइड साफ झाले की औषध थांबवता येते, कारण थर पुन्हा साचायला वर्षे लागतात. एएलएस या आजाराच्या एसओडी-१ प्रकारावरील टोफर्सनचे उदाहरण वेगळे आहे. ते सदोष प्रथिनाचे उत्पादनच रोखते. पण आधी बनलेल्या त्या प्रथिनाचे अर्धायुष्य सुमारे २५ दिवस आहे. नळ आज बंद केला तरी पातळी उतरायला महिने लागणार. सहा महिन्यांच्या चाचणीत या औषधाने मुख्य उद्दिष्ट गाठले नाही, तरी चेतापेशींची हानी दाखवणारे रक्तातील प्रथिन घटल्यामुळे अमेरिकेने २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली.

झोप आणि उपवासाने मेंदू ‘साफ’ होतो का?

झोपेबाबत काही ठोस आहे, पण मोबाइलवर फिरते तेवढे नाही. माणसांवरील एका छोट्या अभ्यासात रात्रभर जागवल्यावर अमिलॉइडचे उत्पादन २५ ते ३० टक्क्यांनी वाढले. म्हणजे जागरण नळ जास्त सोडते. झोपेत मेंदू ‘धुतला’ जातो, हा दावा २०१३ च्या उंदरांवरील अभ्यासावर उभा आहे. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने उंदरांतच नेमके उलटे निरीक्षण मांडले. झोपेत आणि भुलेत सफाई मंदावते, असे त्यांचे म्हणणे. वाद अजून मिटलेला नाही. म्हणून झोप कमी महत्त्वाची ठरत नाही, पण कारण तेच आहे असे आज सांगता येत नाही.

उपवासाचे तर ओसुमींच्या नोबेलनंतर पेवच फुटले. ‘एकादशी म्हणजेच ऑटोफॅजी’ छापाचे संदेश दर आषाढीला फिरतात. ओसुमींचे काम यीस्टच्या उपासमारीवर होते. ठरावीक तास न खाल्ल्याने माणसाच्या मेंदूतील प्रथिनांचे गठ्ठे कमी होतात, असे कोणी दाखवलेले नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांनी या नादात जेवण चुकवले, तर साखर एकदम उतरण्याचा धोका मात्र खरा आहे.

भारतासाठी याचा अर्थ काय?

देशातील ६० वर्षांवरील नागरिकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जण स्मृतिभ्रंशासह जगत आहेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीने दिला. महिलांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. स्मृतिभ्रंशाची सर्वच प्रकरणे अल्झायमरची नसतात. नवी औषधे तर अल्झायमरच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत. आपल्याकडे बहुतेक रुग्ण ‘वय झाले, विसरणारच’ म्हणत त्या टप्प्याच्या पुढे गेल्यावर डॉक्टरांकडे पोहोचतात.

औषध सुरू करण्यापूर्वी अमिलॉइड असल्याचा पुरावा लागतो. त्यासाठी पेट स्कॅन किंवा पाठीतल्या पाण्याची तपासणी करावी लागते. त्यानंतर महिन्याला एकदा किंवा दोनदा शिरेतून औषध आणि सूज नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय. अमेरिकेत लेकानेमॅबची जाहीर किंमत वर्षाला २६,५०० डॉलर आहे, म्हणजे २२ लाख रुपयांहून अधिक. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये नियामकाने औषधाला मंजुरी दिली आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्यसेवेतून ते देणे परवडणारे नाही, असा मसुदा दुसऱ्या सरकारी संस्थेने जाहीर केला. तिथे हा खर्च कोण करणार, यावर उघड चर्चा तरी झाली. भारतात तो प्रश्न सध्या प्रत्येक कुटुंबावर सोडलेला आहे.

तपासणी स्वस्त होण्याची शक्यता मात्र दिसते. टाऊचा एक प्रकार आणि अमिलॉइड यांचे रक्तातील प्रमाण मोजणाऱ्या चाचणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. ती ५५ वर्षांवरील आणि लक्षणे असलेल्यांसाठीच आहे. निरोगी माणसाने हौसेखातर करून घ्यायची ती नव्हे. ज्यांना औषध मिळणार नाही त्यांच्यासाठी रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि कमी ऐकू येणे यांवरील उपचार आजही हाताशी आहेत. अशी १४ कारणे आटोक्यात आणली तर जगातील जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये मांडला.

सफाई वेळेत सुरू केली तर?

आनुवंशिक अल्झायमरची खात्री असलेल्या कुटुंबांत गँटेनेरुमॅब हे औषध लक्षणांपूर्वीच देण्यात आले होते. मार्च २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सर्वात दीर्घ काळ, सरासरी आठ वर्षे औषध घेतलेल्यांमध्ये लक्षणे सुरू होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. हा गट मात्र केवळ २२ जणांचा होता. उतारवयातील नेहमीच्या अल्झायमरसाठी अशीच मोठी चाचणी लेकानेमॅबवर सुरू आहे. ५५ ते ८० वर्षांच्या, स्मृती शाबूत असलेल्या पण मेंदूत अमिलॉइड साचू लागलेल्या लोकांना त्यात औषध दिले जात आहे. तिचे निकाल यायला अजून काही वर्षे आहेत.